हिराचं माप

"विचारलं असतंस तर काय जीभ झिजली असती तुझी?"

"विचारूनच आणायचे तर तूच गेली असतीस की. मी कशाला पनवेलला जाऊन धूळ खाल्ली?"

"तेच म्हणते मी. कशाला गेलास?"

"बूट आणायला."

"कुणाच्या पायाचे?"

यावर कोंडाजी जरा अडखळला. तो पडवीच्या कट्ट्यावर बसला होता आणि नव्या जोडीतला एक बूट त्याच्या मांडीवर, लहान मूल धरावं तसा. पोपटी रंग, त्यावर चंदेरी पट्टे. दुसरा बूट त्याच्या लेकीच्या, प्रणालीच्या उजव्या पायात होता. पाय आत गेला होता एवढंच. ती भिंतीला हात लावून उभी होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"तुझ्याच पायाचे," तो म्हणाला. "मापाने आणलेत. अंदाजाने न्हाय."

"कसल्या मापाने?"

कोंडाजीने सदऱ्याच्या खिशातून एक हीर काढून पुढे धरला. माडाच्या झावळीचा, खराट्यातून उपसलेला, वीतभराहून थोडा लांब. एका टोकाला लाल दोरा बांधला होता.

"बाबा, हे कधी मोजलंस?"

"सोमवारी. दुपारची झोपली होतीस तेव्हा."

आतून, चुलीपाशी बसलेल्या सोनाबाईला हसू आलं. "तरी मी म्हणते, लेकीच्या पायाशी खराटा घेऊन काय करतायत हे. मला वाटलं दृष्ट काढतायत."

"झोपलेल्या पायाचं माप घेतलंस?"

"पाय तोच की. झोपला म्हणून काय दुसऱ्याचा होतो?"

प्रणालीने बूट काढला. बोटं एकमेकांवर चढली होती, करंगळी पांढरी पडली होती. ती बोटं चोळत बसली. कोंडाजीने मांडीवरचा बूट अंगठ्याने दाबून तिला दाखवला. "मऊ किती हाय बघ तरी. तो पोरगा म्हणाला, चाचा, गद्दा है गद्दा."

"मी त्यावर झोपणार न्हाय, बाबा. मी डोंगर उतरणार हाय. परवा."

मापाची ही रीत कोंडाजीची एकट्याची नव्हती. खाडीकाठच्या त्या गावात कुणी बाजाराला निघालं की त्याच्या खिशात चार घरांचे चार हीर असायचे. लाल दोऱ्याचा अमक्याच्या सुनेचा, गाठ मारलेला तमक्याच्या म्हातारीचा. कोंडाजीने उभ्या जन्मात असे शेकडो हीर पेणला नेले होते आणि एकाही चपलेची तक्रार आली नव्हती. त्याने स्वतः बूट मात्र कधीच घातला नव्हता. चप्पलसुद्धा लग्नाकार्यापुरती, आणि ती मांडवाबाहेर चोरीला गेली तर त्याला सुटल्यासारखं वाटायचं.

त्याला गरजच नव्हती. पंचेचाळीस वर्षं तो मिठागरात होता. पावसाळा सरला, वाफ्यांतलं गढूळ पाणी काढून टाकलं की वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं उतरतं. एका ओळीत बाया-माणसं उभी राहायची, हात एकमेकांच्या खांद्यांवर, आणि टाच न उचलता बारीक बारीक पावलं टाकत चिखल दाबत जायची. ओळीच्या टोकाला कोंडाजी. त्याच्या पावलावर सगळ्यांची पावलं. आगराचा मुकादम म्हणायचा, कोंडाजीचा पाय पडला की चिखलाची फरशी होते. त्याचे पाय पुढून सुपासारखे पसरलेले, अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून राहिलेला. प्रणाली दहा वर्षांची असताना त्या ओळीत शिरली ती त्याचा हात धरून. तेरा-चौदा हंगाम तिने तुडवलं. पायांनीही बापाचंच वळण घेतलं.

"तोंड माझ्यावर गेलं ते बरं झालं," सोनाबाई म्हणायची. "पाय मेले झाकता तरी येतात."

मग समुद्राकडचा बांध फुटला. मालकाने तो बांधला नाही. वाफ्यांवर खारफुटी चढली आणि कोंडाजी पडवीच्या कट्ट्यावर येऊन बसला, तो पाच वर्षं तिथेच होता. गावातल्या बायका पहाटे कोळंबी सोलायच्या कंपनीत जाऊ लागल्या. कंपनीची बस नाक्यावर यायची. दिवसभर बर्फाच्या पाण्यात उभं राहायचं, संध्याकाळी बोटं सुरकुतून घरी यायची. प्रणाली त्या बसमध्ये चढली नाही. ती पळायला लागली.

गेल्या साली चौलच्या मागच्या डोंगरात मुंबईच्या काही मंडळींनी शर्यत ठेवली होती. प्रणाली तिथे पाण्याचे ग्लास भरायला गेली होती, दिवसाच्या मजुरीवर. धापा टाकत येणाऱ्या बाया बघून घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं होतं, "बाबा, त्या चढावर थांबतात. मी न्हाय थांबणार." दुसऱ्या दिवशी ती शाळेतले जुने कॅनव्हासचे बूट घालून बांधावरून पळाली. मग बांधावरून टेकडी, टेकडीवरून पुढची टेकडी. कोंडाजी कट्ट्यावरून बघायचा. टाच फार न उचलता, बारीक पावलांनी ती चढ घ्यायची. तो सोनाबाईला म्हणायचा, "बघ, तुडवते हाय. पळत न्हाय, तुडवते."

यंदा त्या मंडळींना गावातली तीन माणसं कायमची हवी होती. वर्षभर वाटा दाखवायच्या, खुणा लावायच्या, मागे पडलेल्यांना सोबत आणायचं. महिन्याचा पगार. अट एवढीच, की वय तिशीच्या आत, आणि रविवारच्या शर्यतीत दोन डोंगरांचे सोळा किलोमीटर अडीच तासांत. प्रणालीला दिवाळीत तीस पुरी होत होती. सोळा किलोमीटर ती सव्वादोन तासांत करत होती. हातात आल्यातच जमा होतं सगळं.

आठ दिवसांपूर्वी फोनवर निरोप आला. तळाला दात असलेले, डोंगरात पळायचे बूट सक्तीचे. कॅनव्हास चालणार नाही, मागच्या साली कुणी तरी घसरून हात मोडून घेतला होता. मंगळवारी प्रणाली अलिबागला निघाली होती. पिशवी खांद्याला लावली होती. कोंडाजीनेच तिला दारात अडवलं.

"शुक्रवारपर्यंत थांब."

"का?"

"थांब म्हणतो ना. बापाला एवढं पण कळत न्हाय का?"

ती थांबली. त्याचं तोंड बघून तिला वाटलं असावं, काही तरी ठरलंय याचं. पुतण्या निकेतचा ट्रक बुधवारी पनवेलला जाणार होता, तो गेला गुरुवारी. आणि आता शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि पोपटी बूट पडवीत पडले होते.

"चल," कोंडाजी उठला. "अलिबागला जाऊ. बदलून घेऊ."

"पनवेलच्या हातगाडीवरचे बूट अलिबागला बदलतात?"

"मग दुसरे घेऊ. तू चल तरी."

मितेशचं दुकान अलिबागच्या बाजारात आत, बोळात. दुकान त्याच्या आजोबांचं, पण खेळायचे बूट मितेशने आणले, कारण तो स्वतः पळायचा. तो स्टुलावर बसला आणि पोपटी बुटांकडे न बघता प्रणालीच्या पायांकडे बघू लागला. बराच वेळ. प्रणालीने पाय मागे घेतले.

"शरमाऊ नका, बेन. उभ्या राहा. दोन्ही पायांवर भार द्या."

दोन्ही पायांखाली त्याने कागद सरकवला आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ फिरवली. मग त्या रेघेवर पोपटी बूट ठेवला. बुटाच्या दोन्ही अंगांनी पाय बाहेर राहिला होता.

"काका, हे बघा. खोली एवढी, माणसं एवढी. कोणी घेतलं हो हे माप?"

कोंडाजी छताचा पंखा बघत म्हणाला, "घेतलं एकाने."

"बसून दिलं होतं का, बेन?"

"झोपून," प्रणाली म्हणाली.

मितेश हसला, पण बापाचं तोंड बघून त्याने हसणं आवरलं. "पाय झोपला की अंग चोरून घेतो, काका. उभा राहिला की पसरतो. संध्याकाळी आणखी पसरतो. डोंगर चढला की त्याहून. म्हणून बूट नेहमी असे ह्या टायमाला घ्यायचे, उभं राहून, आणि जे मोजे घालून पळणार तेच घालून. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी. बोटं आत पंख्यासारखी उघडली पाहिजेत. आणि टाच, ती मात्र हलता कामा नये."

"हिराने इतकी वर्षं आणतोय मी," कोंडाजी म्हणाला. "एक चप्पल परत आली न्हाय."

"चपलेला चालतंच. चपलेला भिंती कुठे असतात?"

त्याने खोके काढले. एक, दोन, पाच. बायकांचे बूट सगळे पुढून निमुळते. पहिला चढेना, दुसरा चढला आणि करंगळीवर बसला. प्रणाली प्रत्येक वेळी उभी राहायची, बोटं हलवून बघायची आणि मान हलवायची. कोंडाजी तिच्या बोटांकडे नाही, मानेकडे बघत होता. शेवटी मितेशने पुरुषांचा एक काळा जोड आणला. तो पुढून ऐसपैस होता. प्रणालीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"आता त्या फळीवरून उतरून बघा," मितेश म्हणाला. दुकानाच्या कोपऱ्यात त्याने उतरती फळी ठोकून ठेवली होती. प्रणाली वर चढली, दोन पावलं धावत उतरली. पाय बुटात पुढे घसरला, टाच मागून सुटली आणि ती खोक्यांच्या चळतीवर गेली.

"लांबीला दोन बोटं जास्त होतात," मितेश तिला हात देत म्हणाला. "ह्यात उतरलात तर दात पडतील. बुटाचे नाही, तुमचे."

"दोन मोजे घालून?"

"पाय उकडेल, टाच तरीही सुटेलच. तुम्हाला रुंद फर्म्याचा सात नंबर पाहिजे. आहे तसा, भिवंडीच्या गोदामात. आज फोन केला तर बुधवारी येईल."

"शर्यत रविवारी हाय."

"अरेरे." तो आपल्याच नादात खोक्यांची झाकणं लावत होता. "मंगळवारी आला असतात तर उद्या हातात दिला असता."

कोणीच कोंडाजीकडे बघितलं नाही. मितेशला माहीत नव्हतं म्हणून, आणि प्रणालीने मुद्दाम. एखादा शब्द तिने बोलायला हवा होता असं त्याला वाटलं. शिवी चालली असती. ती पायात चप्पल सरकवून बोळात उतरली.

कोंडाजी दारातून माघारी फिरला. "मागव तो."

"काका, बुधवारपर्यंत शर्यत होऊन जाईल की."

"तू मागव."

शनिवारी संध्याकाळी प्रणालीनेच पोपटी बूट त्याच्यासमोर आणून टाकले. तळाला बघायला दात होते, बारीक का होईना. त्यावर निभावलं तर निभावलं.

"काप," ती म्हणाली. "करंगळीच्या बाजूने. अंगठ्याच्या पण."

कोंडाजीने कोयती घासली. तिला कागदावर उभं केलं, मितेशने केलं तसंच, आणि कोळशाने खुणा केल्या. मग दोन्ही बुटांना दोन्ही अंगांनी बोटभर लांबीच्या चिरा दिल्या. कापड पुढे उसवू नये म्हणून चिरेच्या टोकांना त्याने जाळं विणायच्या दोऱ्याने टाके घातले. त्याचा हात चांगला होता. सोनाबाई कंदमुळं सोलता सोलता म्हणाली, "बुटाला खिडक्या काढल्या बाई. आता पडदे लावा."

प्रणालीने घालून बघितले. अंगणात चार उड्या मारल्या. "जमेल," ती म्हणाली. कोंडाजीला तो शब्द जेवणाहून गोड लागला. जेवताना त्याने दोनदा तो पुन्हा काढायचा प्रयत्न केला. "जमेल ना?" दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "जेव की आता."

रविवारी चौलला, डोंगराच्या पायथ्याशी एका सुपारीच्या वाडीबाहेर कमान लावली होती, तिच्यावर लाल आकड्यांचं घड्याळ. बूट तपासणाऱ्या पोराने प्रणालीचे तळ बघितले, खिडक्या बघितल्या, जरासा घुटमळला आणि त्याने तिला सोडलं. शिट्टी झाली. कोंडाजी कुंपणाच्या दगडावर बसून घड्याळ बघत राहिला.

एक तास पाच मिनिटांनी एकाच्या हातातलं वायरलेस बोललं. पहिल्या डोंगराच्या माथ्यावर बायकांत पुढे गावातली एक आहे, पोपटी बूट. कोंडाजीने शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माझी." तो माणूस म्हणाला, "छान." कोंडाजी पुन्हा म्हणाला, "टाच उचलत न्हाय ती."

मग वायरलेस दुसऱ्यांबद्दल बोलू लागलं.

दोन तास दहा झाले तेव्हा पहिली बाई कमानीतून गेली. ती प्रणाली नव्हती. दोन वीसला तीन आल्या. कोंडाजी उभा राहिला. दोन अठ्ठावीस. दोन एकोणतीस. अडीच झाले आणि एका मुलीने कमानीतली पट्टी गुंडाळायला घेतली. त्याला तिला थांब म्हणायचं होतं. पट्टी कशी गुंडाळतात ते तो बघत राहिला.

दोन एक्केचाळीसला प्रणाली वळणावर दिसली. ती पळतच होती. उजव्या बुटाची चीर टाके तोडून पार नाडीपर्यंत फाटली होती आणि पाय बाजूने अर्धा बाहेर येऊन मातीवर पडत होता. डाव्यातून रक्त आलं होतं. ती कमानीखालून गेली, थांबली, वाकली आणि बूट काढून उपडा केला. खडे पडले, मूठभर.

नावं लिहिणारी मुलगी जवळ आली. "ताई, चढावर तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. उताराला काय झालं?"

"खिडक्यांतनं खडे येत होते."

मुलीला ते कळलं नाही. "बूट बरोबर नव्हते तुमचे. पुढच्या वर्षी नीट बघून घ्या, नक्की व्हाल तुम्ही."

"पुढच्या वर्षी मी तिशीच्या बाहेर असेन."

मुलीने हातातले कागद उगाच पुढे-मागे केले. तिने कुणाला तरी विचारून येते म्हटलं, विचारूनही आली, आणि मान हलवली. वय वरून ठरलेलं आहे, ताई.

परतीच्या मिनीडोर रिक्षामध्ये बापलेक समोरासमोर बसले. प्रणालीचे पाय उघडे होते, पोपटी बूट ती कमानीपाशीच टाकून आली होती. नागावपर्यंत कोंडाजीने तिच्या पायांकडे बघितलं नाही. मग बघितलं. दोन नखं काळी झाली होती. तो म्हणाला, "मिठाच्या पाण्यात बुडव घरी गेल्यावर."

"व्हय," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी भांडली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. भाजी काय हवी विचारायची, चहा द्यायची. कोंडाजी सोनाबाईपाशी कुरकुरला. "बोलत का न्हाय ती मला? दोन शिव्या तरी दे म्हणावं."

"तिलाच सांगा की."

"तू सांग."

"मी माप घेतलं होतं का?" सोनाबाई म्हणाली, आणि डब्याला घट्ट बसेल असं झाकण शोधू लागली. डबा प्रणालीचा होता. कंपनीत तिचं नाव घातलं होतं, गुरुवारपासून यायला सांगितलं होतं.

बुधवारी कोंडाजी अलिबागला जाऊन आला. त्याने कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी पहाटे प्रणाली बाहेर आली तेव्हा पडवीत कंदील नको इतपत उजाडलं होतं. कट्ट्यापाशी जमिनीवर मितेशने रेघ मारलेला कागद पसरला होता, चारी कोपऱ्यांना खडे ठेवून. त्यावर करड्या रंगाचा, पुढून रुंद असा जोड, कागदावरच्या पायांच्या जागी नेमका ठेवलेला. रेघ कुठेच बाहेर दिसत नव्हती.

"आले," कोंडाजी म्हणाला.

प्रणाली डबा पिशवीत घालत होती.

"मितेश म्हणाला, पुढे अंगठ्याएवढी जागा हाय. मी बघितलं बोट घालून. टाच धरून ठेवतो. तळाला दात हायत, हे एवढे." त्याने नखाने दाखवलं. "मऊ न्हायत फार. मी विचारलं त्याला. म्हणाला, मऊ नसतातच."

तिने पिशवीचा बंद ओढला.

"कंपनीत काय घालायला देतात?"

"गमबूट."

"मापाचे?"

"एकाच मापाचे असतात. सगळ्यांना." तिने दाराआडची चप्पल पायाने पुढे ओढली. काळ्या नखाला पट्टा लागला तशी ती जरा थबकली, मग तिने पाय आत सारला.

"बांधावरनं जाशील तर नाक्यापर्यंत घालून जा. तिथे काढ. मी येतो मागनं, घेऊन येईन परत."

सोनाबाई दारात आली होती. तिने प्रणालीच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"घालू पण नको," कोंडाजी म्हणाला. तो कट्ट्यावरून खाली उतरून कागदाशेजारी उकिडवा बसला होता, एक हात बुटाच्या टाचेवर, वाऱ्याने जाईल की काय अशा बेताने ठेवलेला. "नुसती उभी राहा त्यात. एकदा. बरोबर झालं का एवढं तरी सांग मला."

नाक्यावर बसने हॉर्न दिला. प्रणालीने पिशवी खांद्याला लावली, कागदाला वळसा घालून पायरी उतरली आणि बांधाच्या वाटेला लागली.